कॉन्स्टंटाइनची मधली ३२ वर्षं परत द्या : किशोर-चरित्रमालेच्या संपादक मंडळाला खुले पत्र

माननीय संपादक मंडळ,

स. न. वि. वि.

क्रिकेटपटूंच्या किशोर-चरित्रमालेत मी लिहून दिलेल्या, वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनवरच्या पुस्तिकेबद्दल तुमचा निर्णय कळला. लंडनच्या हॉटेलवरचा दावा, पन्नाशीनंतरची बॅरिस्टरी, त्रिनिदादमधली निवडणूक, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बसचं प्रकरण आणि हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे ब्रिटिश संसदेचं वरचं सभागृह, हा सगळा उत्तरार्ध काढून तिथे ‘पुढे त्याने वकिली व राजकारण या क्षेत्रांतही नाव कमावले’ एवढं एक वाक्य टाकायचं ठरलं आहे. शेवटच्या पानावरच्या जीवनपटातही तुम्ही १९३९ नंतर थेट १९७१ लिहिलं आहे. १९३९ला शेवटची कसोटी आणि १९७१ला मृत्यू. मधली ३२ वर्षं हा माणूस जणू पॅव्हेलियनमध्ये पॅड काढून बसून होता.

तुम्ही कारणं तीन दिलीत. पानं वाढतात, मुलांना कोर्टकचेरी रुचत नाही, आणि ‘नकारात्मक मजकूर’ मालेच्या सुरात बसत नाही. तुमच्या संस्थेचं नाव मी इथे घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण हा कारभार थोड्याफार फरकाने सगळीकडेच चालतो. पत्र खुलं लिहितोय ते शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि पुस्तकं विकत घेणाऱ्या आईबापांनीही वाचावं म्हणून.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. मी तालुका कोर्टात वकिली करतो. भाडेकरूंचे दावे, वाटपाचे दावे, कधीमधी एखादं फौजदारी. सुट्टीच्या दिवशी मॅटिंगवर क्रिकेट खेळतो, विकेटमागे उभा राहतो. कॉन्स्टंटाइन मला पहिल्यांदा भेटला तो क्रिकेटच्या मैदानावर नाही, कायद्याच्या पुस्तकात. प्रत्यक्ष आर्थिक नुकसान झालेलं नसतानाही हक्क डावलला म्हणून दावा चालतो का, या प्रश्नाच्या उत्तरात ‘कॉन्स्टंटाइन विरुद्ध इंपीरियल हॉटेल्स’ हा खटला सांगितला जातो. आमच्या वर्गात तो पाठ करून सगळे पास झाले. हा फिर्यादी म्हणजे वेस्ट इंडिजचा कॉन्स्टंटाइन, हे आमच्या सरांनी सांगितलं, आणि सर स्वतः जिल्हा संघाकडून नवा चेंडू टाकायचे म्हणून त्यांना ते माहीत होतं. कायद्याच्या पुस्तकात तो क्रिकेटपटू आहे याचा पत्ता नाही, आणि क्रिकेटच्या पुस्तकात तो फिर्यादी आहे याचा. या दोन अर्ध्या माणसांचा एक माणूस करावा म्हणून मी ही पुस्तिका लिहायला घेतली होती. तुम्ही त्याचे पुन्हा दोन तुकडे केलेत आणि त्यातला एक फेकून दिलात.

आता कोर्टाच्या सवयीने मुद्दे काढतो.

पहिली हरकत हॉटेलच्या प्रसंगाबद्दल आहे, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. तुमच्या दुरुस्त प्रतीत एक ओळ मला आढळली : ‘एकदा लंडनमधील हॉटेलात काही गैरसमजामुळे त्याला त्रास सहन करावा लागला.’ गैरसमज? जुलै १९४३मध्ये कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला येणार होता. रसेल स्क्वेअरमधल्या इंपीरियल हॉटेलात त्याने स्वतःसाठी, बायको नॉर्मा आणि मुलगी ग्लोरियासाठी चार रात्रींच्या खोल्या आधीच ठरवल्या होत्या. अनामत भरली होती. आम्ही काळे आहोत, चालेल ना, हेसुद्धा आधी विचारून घेतलं होतं, आणि चालेल असं उत्तर मिळालं होतं. सामानासकट दारात पोचल्यावर मात्र एकच रात्र राहा, उद्या निघा, असं सांगण्यात आलं. हॉटेलात अमेरिकन सैनिक उतरले होते, त्यांना काळी माणसं शेजारी नको होती. कॉन्स्टंटाइन त्या वेळी ब्रिटिश सरकारच्या कामगार खात्यात अधिकारी होता. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काम करायला आलेल्या वेस्ट इंडियन कामगारांची देखभाल तो लिव्हरपूलहून पाहायचा. त्याच्या खात्यातला सहकारी हॉटेलात येऊन हे सगळं सांगू लागला, तर व्यवस्थापक बाईंनी त्याच्या तोंडावर जो शब्द वापरला तो मी हस्तलिखितातही जसाच्या तसा लिहिलेला नाही. मुलांच्या वयाचं भान मलाही आहे. पण शब्द गाळणं वेगळं आणि घटनाच गाळणं वेगळं.

त्या रात्री तो दुसऱ्या हॉटेलात गेला आणि पुढे दावा लावला. त्याच्या बाजूने सर पॅट्रिक हेस्टिंग्ज आणि रोझ हाइलब्रॉन उभे राहिले. जून १९४४मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल दिला.

आता वकील म्हणून मला यात जे सगळ्यांत विलक्षण वाटतं, ते सांगतो. रंगावरून भेदभाव करू नये असा कायदाच तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. मग दावा चालला कशावर? शेकडो वर्षांच्या जुन्या नियमावर. खाणावळीसह मुक्कामाची जागा चालवणाऱ्याने, जागा शिल्लक असेल तर, वाजवी कारणाशिवाय कोणत्याही वाटसरूला परत पाठवता कामा नये. घोडागाडीच्या काळातला हा नियम वाटमारीच्या भीतीने रात्री रस्त्यावर अडकलेल्या प्रवाशासाठी होता. कॉन्स्टंटाइनच्या वकिलांनी तो विसाव्या शतकातल्या वर्णद्वेषासमोर उभा केला. हॉटेलने बचाव घेतला की आम्ही त्यांना आमच्याच दुसऱ्या हॉटेलात जागा दिली, ते आपखुशीने गेले. न्यायमूर्तींनी तो मानला नाही. फिर्यादीच्या साक्षीबद्दल मात्र त्यांनी निकालात आवर्जून चांगलं लिहिलं. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. नाममात्र. त्याहून जास्त देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं.

पक्षकार मला नेहमी विचारतात, वकीलसाहेब, मिळणार किती? कॉन्स्टंटाइनला या हिशेबाने काहीच मिळालं नाही. पण त्या प्रकरणाचा एवढा बोभाटा झाला की लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहातही त्यावर प्रश्न निघाले. मुलांना हे कंटाळवाणं वाटेल, असं तुम्ही कोणत्या मुलांना विचारून ठरवलंत? माझ्या भाच्याला मी हा प्रसंग सांगितला, तर तो सामन्याचं विसरून ‘मग त्या बाईंचं काय झालं?’ हेच विचारत राहिला.

आणि महाराष्ट्रातल्या मुलाला हा प्रसंग परका वाटेल, असं कुणी म्हणूच नये. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी सार्वजनिक असूनही अस्पृश्यांना बंद होतं. १९२७च्या सत्याग्रहानंतर तो वाद दिवाणी कोर्टात गेला, जवळजवळ दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७मध्ये मुंबई हायकोर्टात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. तळं आणि हॉटेल, दोन्हीकडे प्रश्न तोच : सगळ्यांसाठी उघडी असलेली जागा एखाद्याला जन्मावरून बंद करता येते का? शाळेच्या पुस्तकात मुलं महाड शिकतात. त्यांना रसेल स्क्वेअर झेपणार नाही?

दुसरी हरकत क्रमाबद्दल. तुमच्या वाक्यात वकिली ‘पुढे’ येते, जणू निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून माणूस बागकाम करतो तशी. प्रत्यक्षात ती क्रिकेटच्याही आधीपासून आहे. गुलामांच्या वंशातला हा मुलगा १९०१मध्ये त्रिनिदादच्या पेटिट व्हॅलीत जन्मला. वडील लेब्रन कोकोच्या मळ्यावर मुकादम होते, आणि १९००च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर शतक ठोकून आले होते. एवढा बाप असूनही मुलाने आधी नोकरी धरावी, मग बॅट, असा त्यांचा दंडक. लिअरी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून झाला. दस्त नकलायचे, फायली वाहायच्या. त्या काळात तिथे काळ्या मुलाची धाव कारकुनीपर्यंत, वर जायची शिडी जवळपास बंद. मुळात तो व्यावसायिक क्रिकेटसाठी इंग्लंडला गेला त्यामागे ही बंद शिडी होती. पन्नाशी ओलांडल्यावर, १९५४मध्ये, लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेतून तो बॅरिस्टर झाला, तो या कारकुनाचा हिशेब पुरा करायला. तुम्ही सुरुवातीची कारकुनी ठेवलीत आणि शेवटची बॅरिस्टरी काढलीत. वाचणाऱ्या मुलाला वाटणार, कारकून होता, सुदैवाने षटकार मारता आले म्हणून सुटला.

मधलं क्रिकेट तुम्ही छान ठेवलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. १९२८मध्ये मिडलसेक्सविरुद्ध ८६ आणि १०३ धावा, दुसऱ्या डावात सात बळी, हा लॉर्ड्सवरचा सामना रंगवून छापा. वेस्ट इंडिजचा पहिला कसोटी बळी त्याने घेतला, तेही छापा. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या नेल्सन गावासाठी १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षं तो खेळला आणि त्यांनी सात वेळा लीग जिंकली. पण त्याच गावात शाळेतली पोरं त्याला कोळशाच्या खाणीतून आलास का विचारायची, निनावी शिवीगाळीची पत्रं यायची, आणि पहिल्या मोसमानंतर तो परत जायला निघाला होता तेव्हा नॉर्माने त्याला थांबवलं, हा परिच्छेद काढून ‘नेल्सनवासीयांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले’ हे वाक्य कुणी घातलं? प्रेम मिळालं हे खरं, पुढे १९६३मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्वही दिलं. पण ते प्रेम त्याने कमावलं. नॉर्माचं नाव तर दुरुस्त प्रतीत कुठेच उरलेलं नाही.

कर्णधारपदाचंही तसंच. वेस्ट इंडिजचा कर्णधार गोराच असायचा, हा अलिखित नियम. १९३५च्या जमैका कसोटीत कर्णधार जॅकी ग्रँट जायबंदी झाला तेव्हा शेवटी संघ कॉन्स्टंटाइनच्या हाती आला आणि सामना डावाने जिंकला. कायमचं कर्णधारपद काळ्या खेळाडूला, फ्रँक वॉरेलला, मिळेपर्यंत १९६० उजाडलं. हे वाचताना मला आपला पळवणकर बाळू आठवतो. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेला गोलंदाज, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला जातीमुळे मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३मध्ये मिळालं. बाळूही पुढे राजकारणात उतरला आणि १९३७ची निवडणूक काँग्रेसच्या तिकिटावर थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढला. हरला. तुमच्या मालेत बाळूची पुस्तिका येणार असल्याचं ऐकतो. तीसुद्धा ‘उत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज’ इथेच संपणार असेल, तर हे पत्र तिच्यासाठीही समजा.

तिसरी हरकत राजकारणाची. इथे मी तुमच्याशी थोडा सहमत आहे, म्हणजे मंत्री म्हणून तो काही फार थोर होता असं मी लिहिलेलं नाही. पंचवीस वर्षं इंग्लंडात काढून तो १९५४मध्ये त्रिनिदादला परतला, एका तेल कंपनीत कायदा सल्लागाराच्या हाताखाली लागला. तिथला नेता एरिक विल्यम्स याच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंट या नव्या पक्षाचा तो पहिला अध्यक्ष झाला, सप्टेंबर १९५६च्या निवडणुकीत टुनापुनाहून थोडक्या मतांनी निवडून आला आणि दळणवळण, बांधकाम खात्याचा मंत्री झाला. पक्षाला २४पैकी १३ जागा. पण व्यासपीठावरचं राजकारण त्याच्या रक्तात नव्हतं, १९६१ला तो उभाच राहिला नाही. हे एका पानात सांगता येतं, मी एका पानातच सांगितलं होतं.

ब्रिस्टल मात्र एका पानात सांगता येत नाही. त्रिनिदाद देश ३१ ऑगस्ट १९६२ला स्वतंत्र झाला, कॉन्स्टंटाइन लंडनमध्ये त्याचा उच्चायुक्त. पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना वाहक-चालक म्हणून घ्यायला नकार दिला. गाय बेली या तरुणाची मुलाखत, तो वेस्ट इंडियन आहे एवढं कळताच, रद्द झाली. कार्यकर्ता पॉल स्टीफन्सन आणि मंडळींनी एप्रिलच्या अखेरीस बसवर बहिष्कार पुकारला. उच्चायुक्ताने अशा वेळी निवेदन काढून गप्प बसायचं असतं. नेमका तेव्हा वेस्ट इंडिजचा संघ ग्लॉस्टरशायरशी खेळायला ब्रिस्टलमध्ये होता. कॉन्स्टंटाइन तिथे गेला, उघडपणे बोलला, महापौरांना भेटला, बस कंपनीच्या वरच्या मालक संस्थेकडे गेला. २८ ऑगस्ट १९६३ला कंपनीने बंदी उठवली. आणि कॉन्स्टंटाइनला काय मिळालं? मायदेशीच्या सरकारला न विचारता दुसऱ्या देशाच्या कारभारात बोलला, म्हणून पंतप्रधान विल्यम्सची नाराजी. १९६४च्या सुरुवातीला उच्चायुक्तपद संपलं, पुढे मुदत मिळाली नाही.

तुम्ही या भागाला ‘नकारात्मक’ म्हणता. बंदी उठली, कंपनी नमली, यात नकारात्मक काय आहे ते मला तरी सापडलं नाही.

१९६५मध्ये ब्रिटनने वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा केला. त्यात सार्वजनिक जागांवरचा भेदभाव बेकायदा ठरला, हॉटेलंसुद्धा. तो राबवायला १९६६मध्ये मंडळ नेमलं, अध्यक्ष धरून तिघांचं, आणि त्या तिघांत एक कॉन्स्टंटाइन. १९४३ला ज्याला हॉटेलने घालवलं त्याच्याकडेच आता अशा हॉटेलविरुद्धच्या तक्रारी यायच्या. कादंबरीकाराने लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, योगायोग जरा ओढून आणलाय. हा कायदा दुबळा होता, नोकरी आणि घरं त्याच्या बाहेर होती, ती १९६८मध्ये आत आली. तरुण काळ्या कार्यकर्त्यांना कॉन्स्टंटाइन फार सबुरीचा वाटायचा, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. हेही मी लिहिलं होतं. १९६९मध्ये तो हाउस ऑफ लॉर्ड्सचा पहिला काळा सदस्य झाला. सरदारकीच्या नावात त्याने त्रिनिदादचं मारावल आणि इंग्लंडचं नेल्सन, दोन्ही गावं घेतली. प्रकृती साथ देत नव्हती, सभागृहात फार बोलणं झालं नाही. १ जुलै १९७१ला लंडनमध्ये तो गेला, त्रिनिदादने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला. १८ कसोटींत ६३५ धावा आणि ५८ बळी घेणाऱ्याला कुणी सरदार करत नाही आणि सरकारी इतमामही देत नाही. जीवनपटातली मधली वर्षं कोरी ठेवून तुम्ही मुलांना १९७१ची ओळ कशी समजावणार?

पानांचा प्रश्न खरा असेल तर उपाय माझ्याकडे आहे. परिशिष्टातले धावफलक काढा, ते मुलांना मोबाइलवर मिळतात. रंगीत चित्रं दोन कमी करा. माझं मानधन कागदाच्या खर्चात वळतं करा, तसं मी लेखी देतो.

माझ्या मागण्या अशा :

हॉटेलचा दावा आणि ब्रिस्टल ही दोन प्रकरणं पूर्ण परत घ्यावीत. भाषा सोपी करायची असेल तर मी करून देतो, आशय पातळ करू नये. ‘गैरसमज’ ही ओळ काहीही झालं तरी छापू नये. निवडणूक आणि मंत्रिपदाचं एक पान ठेवावं, त्यातल्या टीकेसकट. नॉर्मा कॉन्स्टंटाइनचा परिच्छेद परत यावा. जीवनपटात किमान १९४४, १९५४, १९५६, १९६३, १९६६ आणि १९६९ ही वर्षं यावीत. आणि मालेतल्या पुढच्या पुस्तिकांसाठी, विशेषतः बाळूच्या, काय ठेवायचं नि काय गाळायचं हे ठरवताना लेखकाला बोलवावं. निर्णय पत्राने कळवण्यापेक्षा तासभर समोरासमोर बसलो असतो तर यातलं अर्धं तिथेच मिटलं असतं.

हे मान्य नसेल तर पुस्तिकेवर माझं नाव घालू नये. करारानुसार हस्तलिखिताचे हक्क छपाईपर्यंत माझ्याकडेच आहेत. तुमचा नकार आला तर वगळलेली प्रकरणं मी मोफत वाचायला उपलब्ध करून देईन आणि ज्या शाळांच्या वाचनालयांनी तुमची माला मागवली आहे त्यांना त्याची प्रत पाठवीन. तसं करायची वेळ येऊ नये. छपाई पुढल्या महिन्यात असल्याचं कळतं, म्हणून उत्तर त्याआधी मिळावं.

कळावे,

आपला विश्वासू,
एक तालुका वकील, आणि तुमच्या मालेचा लेखक